आरोग्यदानाचे शास्त्रभाग रोजच्या मननात कसे घ्यावेत?

पहाटेची_वही

सलाम सर्वांना. सकाळचा अर्धा तास मननासाठी असतो. आजवर छापील पुस्तिकेतला त्या दिवसाचा भाग वाचून व्हायचा. आता महिनाभर फक्त आजारपण, विश्वास आणि आरोग्य ह्यांवरचेच भाग घ्यायचे आहेत, कारण घरात लांबलेलं दुखणं आहे.

अडचणी अशा. एक, सुरुवात कुठून करावी? बायबलची शब्दसूची (कुठला शब्द कुठल्या वचनात आहे त्याची यादी) उघडली की शंभर वचनं सापडतात आणि मग कुठलंही एक वाचून वही मिटली जाते. दुसरं, वहीत "प्रभू आजही बरं करतो" ह्यापलीकडे काही उतरत नाही. तिसरी अडचण खरी बोचणारी आहे. येशू "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" असं म्हणतो. मग जो बरा झाला नाही त्याचा विश्वास कमी पडला का? मंडळीत काही जण हे सरळ बोलून दाखवतात. ज्यांनी हे भाग नीट अभ्यासले आहेत त्यांनी लिहावं. उपदेश नको, पद्धत हवी.

मार्कवाला

शब्दसूचीवरून वाचू नका. सुट्या वचनाला मागचं-पुढचं काही नसतं, आणि आरोग्याच्या बाबतीत घोटाळा नेमका तिथेच होतो. बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान घ्या (पुढच्या आकड्यांत आधी अध्याय, मग वचन). सोळाच अध्याय आहेत, आणि बरं केल्याचे प्रसंग पहिल्या दहा अध्यायांत दाटीने आलेत. भूतबाधेचे १:२१–२८ आणि ५:१–२० हे दोन भाग ह्या फेरीत बाजूला ठेवा, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. उरतात ते असे (७:२४–३० आणि ९:१४–२९ मध्येही भूतबाधा आहे, पण तिथे आई-बाप मुलांसाठी मागतात): १:२९–३४, १:४०–४५, २:१–१२, ३:१–६, ५:२१–४३, ७:२४–३०, ७:३१–३७, ८:२२–२६, ९:१४–२९, १०:४६–५२. पाचव्या अध्यायाला तीन दिवस, दुसऱ्या आणि नवव्याला दोन-दोन, बाकी एकेक. दोन आठवडे पुरतात.

अर्ध्या तासाची वाटणी: पाच मिनिटं मोठ्याने वाचन, मग तोच भाग पुन्हा एकदा मनात. बारा-तेरा मिनिटं वही. उरलेली प्रार्थना. मोठ्याने वाचण्याला काट मारू नका. तोंडपाठ झालेल्या गोष्टीवरून डोळे घसरतात, जीभ मात्र प्रत्येक शब्दावर अडते.

वहीत "आज मला काय शिकायला मिळालं" ह्या प्रश्नाने सुरुवात करू नका. तो प्रश्न आधी आला की उत्तर ठरलेलंच येतं. पान उभं दुमडून दोन रकाने करा. डावीकडे फक्त जे लिहिलेलं आहे ते: मागणी कोणी केली, कोणासाठी, काय शब्दांत, विश्वास कोणाचा दिसतो, येशूने काय केलं (बोलला, हात लावला, थुंकी लावली, दुरूनच सोडवलं), त्यानंतर काय सांगितलं. उजवीकडे तुमचा प्रश्न किंवा प्रार्थना. डावा रकाना भरल्याशिवाय उजव्यात पेन ठेवायचा नाही.

मार्क ५:२१–४३ नमुन्यासाठी घेऊ. पहिल्या दिवशी २१–२४ आणि ३५–४३, म्हणजे याईराची गोष्ट सलग. दुसऱ्या दिवशी मधली २५–३४, रक्तस्राव होणारी स्त्री. तिसऱ्या दिवशी सगळा भाग जसा आहे तसा. तिसऱ्या दिवशीच कळतं की मार्कने एक गोष्ट दुसरीच्या पोटात का घातली. मुलगी बारा वर्षांची, बाईचं दुखणं बारा वर्षांचं. याईर सभास्थानाचा अधिकारी, सगळ्यांदेखत पायांवर पडणारा. ती बाई गर्दीतून मागून येते, कारण लेवीय १५:२५ प्रमाणे ती इतकी वर्षं अशुद्ध गणली गेली होती आणि तिचा स्पर्शही चालत नव्हता. येशू तिच्यासाठी थांबतो, तिच्याकडून सगळं खरं ऐकून घेतो, आणि तेवढ्यात याईराची मुलगी मरते. उशीर कोणामुळे झाला? ह्या जागी याईराच्या बाजूला उभं राहून उजवा रकाना लिहून पाहा. लांबलेल्या दुखण्याच्या घरात ह्याच वचनापाशी लेखणी चालायला लागते. "भिऊ नको, विश्वास मात्र धर" हे त्याला निरोप आल्यानंतर ऐकायला मिळतं, आधी नाही.

शेवटचं वचन बहुतेक जण सोडून देतात. मुलगी उठली, लोक थक्क झाले, आणि येशू म्हणतो तिला खायला द्या.

आता तिसरा प्रश्न. डावा रकाना दहाही भागांत भरला की "विश्वास कोणाचा?" ह्या ओळीसमोर काय येतं ते बघा. दुसऱ्या अध्यायात खाट वाहणाऱ्यांचा, "त्यांचा विश्वास पाहून" असे शब्द आहेत. तिसऱ्यात वाळलेल्या हाताचा माणूस काही मागतच नाही. याईराची मुलगी तर मेलेली. सातव्यात एकदा आईचा, एकदा आणणाऱ्यांचा. आठव्यात बेथसैदाच्या आंधळ्यालाही लोकच आणतात, आणि तिथे येशू दोनदा हात ठेवतो. पहिल्यांदा माणसं झाडांसारखी दिसतात. नवव्यात बाप म्हणतो विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, आणि तेवढ्यावर त्याचा मुलगा मोकळा होतो. "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" हे वाक्य मार्कमध्ये फक्त दोघांना उद्देशून आहे, ५:३४ आणि १०:५२. दोघंही गर्दीने मागे ढकललेली. दोघांना सगळ्यांसमोर उभं करून दिलेली ती शाबासकी आहे. तिचा नियम करून खाटेवरच्या माणसाला लावणं मार्कच्या मजकुरात बसत नाही.

हे बोलणारे हमखास ६:५–६ पुढे करतात, नासरेथचा भाग. तोही पूर्ण वाचा. तिथे अविश्वास आहे तो "हा सुतारच ना?" म्हणणाऱ्या गावकऱ्यांचा. त्याच वचनात थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं असंही आहे. विश्वास कमी म्हणून आलेल्या रोग्याला परत पाठवलं, असा एकही प्रसंग चारही शुभवर्तमानांत नाही. मत्तय १७:२० मधली (मार्क ९ चाच प्रसंग) कानउघाडणी शिष्यांची आहे, आजारी मुलाची किंवा बापाची नव्हे.

वचनावर_उभी

मार्कवाला दादा, पद्धत छान आहे, पण ह्यात एक धोका वाटतो. एवढी चिरफाड केली की आश्वासन हातात राहत नाही. यशया ५३:५ स्पष्ट आहे: त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले. झाले, होईल नव्हे. स्तोत्र १०३:३ सर्व रोग म्हणतं. चंगाईची वचनं पाठ करून रोज मोठ्याने म्हणावीत, आजारी माणसाच्या कानावर पडावीत. विश्वास ऐकण्याने होतो, रोमकरांस १०:१७.

मार्कवाला

पाठ करा, नक्की करा. ताई, माझा आक्षेप फक्त तुकडा तोडण्याला आहे. यशया ५३ मधली आरोग्याची ही वचनं, ४ आणि ५, नव्या करारात दोन ठिकाणी येतात आणि दोन्ही ठिकाणं शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. मत्तय ८:१६–१७ मध्ये ५३:४ आहे, कफर्णहूमची संध्याकाळ, दारात आणलेले रोगी. तिथे अर्थ शरीराच्या रोगाचाच आहे. म्हणून "यशया फक्त आत्मिक आरोग्याबद्दल बोलतो" म्हणणारेही घाई करतात. १ पेत्र २:२४ मध्ये ५३:५ आहे, पण तो परिच्छेद २:१८ पासून सुरू होतो: कठोर धन्यांच्या हाताखाली अन्याय सोसणाऱ्या चाकरांना लिहिलेला, आणि विषय पापाला मरून नीतिमत्त्वासाठी जगण्याचा. वधस्तंभात शरीरही आलं, हे मान्य. कधी, हे ह्या वचनांत नाही. रोमकरांस ८:२३ म्हणतं की आत्मा मिळालेले आम्हीही शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हतो. रोमकरांस १० पाठ करणाऱ्याने दोन अध्याय मागेही जावं.

म्हणूनच तिसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम वेगळे भाग ठेवले असते. २ राजे ५, कुष्ठरोग बरा झालेला अरामी सेनापती नामान, दोन दिवसांत: पहिल्या दिवशी १–१४, दुसऱ्या दिवशी १५–२७, कारण अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी ह्याचा लोभ हा त्याच गोष्टीचा भाग आहे आणि आरोग्याचा व्यापार करणाऱ्यांबद्दल पवित्र शास्त्राला काय वाटतं ते तिथे आहे. २ राजे २०:१–११, हिज्किया राजा: तो रडून प्रार्थना करतो, पंधरा वर्षं वाढवून मिळतात, आणि लगेच यशया अंजिराची चांदकी (लेप) गळवावर लावायला सांगतो. योहान ९ दोन दिवसांत. २ करिंथकरांस १२:१–१०, पौलाच्या देहातला काटा, तीनदा केलेली विनंती, "माझी कृपा तुला पुरे आहे". सातव्या दिवशी फिलिप्पैकरांस २:२५–३०, मरणाच्या दारी गेलेला पौलाचा सहकारी एपफ्रदीत, आणि त्याच्या जोडीला २ तीमथ्य ४:२० वाचा: सोबती त्रफिम आजारी पडला म्हणून पौलाने त्याला मिलेतात ठेवलं. हाच पौल माल्टा बेटावर पुब्ल्याच्या बापावर हात ठेवतो आणि त्याचा ताप व आव जाते (प्रेषितांची कृत्ये २८:८). एकाच माणसाच्या हातून दोन्ही. त्रफिमाच्या विश्वासाबद्दल पौल एक अक्षर काढत नाही.

वचनावर_उभी

त्रफिमाचं वचन मुद्द्याचं आहे, मान्य. तरी आजाऱ्यापाशी बसून २ तीमथ्य ४:२० वाचायचं का, हा माझा प्रश्न राहतोच.

मार्कवाला

नाही, ते तुमच्या वहीसाठी. खाटेपाशी स्तोत्रं. चौथा आठवडा त्यांचाच: ६, १३, ३०, ३८, ४१, ८८, १०३, रोज एक. आजारी माणसाला ऐकवायला १३ उत्तम, सहाच वचनं आहेत. त्याची घडण पाहा: १–२ मध्ये तक्रार, "कोठवर" चार वेळा, ३–४ मध्ये मागणं, ५–६ मध्ये भरवसा. तुमची प्रार्थना ह्याच तीन तुकड्यांत लिहा, प्रत्येकी तीन-चार ओळी. पहिला तुकडा गाळून थेट भरवशावर उडी मारायची सवय आपल्या प्रार्थनासभांनी लावली आहे, ती दावीदाला नव्हती. ३८ खाटेपाशी नको, तिथे स्तोत्रकर्ता स्वतःच्या पापाची कबुली देतो, आणि ऐकणाऱ्याला ते आपल्यावर ठेवलेलं बोट वाटतं. ८८ शेवटपर्यंत अंधारातच राहतं. त्याला वरून आशेचं वाक्य जोडू नका. पवित्र शास्त्राने ते जसं ठेवलंय तसं वाचा.

वॉर्डातली_नर्स

शास्त्राचं वर आलंय, मी खोलीतलं लिहिते.

वाचन आठ-दहा वचनांपलीकडे नको. वेदनाशामक गोळीनंतर साधारण पाऊण तासाने माणूस जरा निवांत असतो, ती वेळ पकडा. सकाळची साफसफाई, ड्रेसिंग आटोपण्याआधी सुरू करू नका. मोबाईलवर ऑडिओ लावून निघून जाऊ नका. ते बंद करायला आजाऱ्याला हात पोचत नाही. वाचून झाल्यावर "कसं वाटलं?" विचारू नका, "अजून वाचू की थांबू?" एवढंच विचारा.

प्रार्थनेला येणारे दोघंच असू देत, दहा मिनिटं, हात साबणाने धुऊन. किमोथेरपी चालू असेल तर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, सर्दी-खोकला असलेल्याने दारातूनच प्रार्थना करावी. याकोब ५ प्रमाणे तेल लावायचं तर कपाळावर बोटभर पुरे. टाक्यांवर, जखमेवर नाही, आणि रेडिएशन चालू असलेल्या कातडीवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

उपास-प्रार्थना आजाऱ्याने करू नये, त्याच्यासाठी इतरांनी करावी. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा उपाशी राहिला तर साखर झपाट्याने उतरते. प्रार्थनेत बसलेल्या मधुमेह्याला घाम, थरथर, अडखळतं बोलणं सुरू झालं तर त्याला दुसरा कुठला अर्थ लावण्याआधी ग्लुकोमीटर काढा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

औषध बंद करण्याबद्दल. फेफऱ्याच्या गोळ्या एकदम थांबवल्या की झटके उलटून येतात. स्टेरॉइड अचानक सोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. टीबीच्या नेहमीच्या उपचारात दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस "मी चंगा झालो" म्हणून साक्ष देतो. कोर्स सहा महिन्यांचा असतो, आणि मधेच सोडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. साक्ष देऊ नका असं नाही. मार्क १:४४ मध्ये येशू कुष्ठरोग्याला काय सांगतो? याजकाकडे जा, दाखव. लेवीय १३–१४ वाचा, याजक सात दिवस थांबून पुन्हा पाहायचा, ती त्या काळची तपासणीच. आज त्या जागी रिपोर्ट आहे. आधी रिपोर्ट, मग डॉक्टरांनी औषध कमी करणं, मग माईक.

कोणी २ इतिहास १६:१२ काढलं, आसा राजा वैद्यांकडे गेला म्हणून मेला, तर त्याच अध्यायातली ७–१० दाखवा. अरामाच्या राजावर भिस्त ठेवली म्हणून द्रष्ट्याने बोल लावला, तर त्यालाच आसाने कैदेत टाकलं. पुढे पाय दुखू लागले तेव्हाही त्याने देवाला विचारलं नाही, ही तक्रार आहे. वैद्याकडे जाणं हा गुन्हा असता तर पौलाने लूकला "प्रिय वैद्य" म्हटलं नसतं.

वसईकडचा_वाचक

आमच्याकडे कॅथलिकांत हीच वाट थोड्या वेगळ्या नावाने आहे, लेक्तियो दिविना. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी देवासमोर नुसतं बसणं. वर सांगितलेल्या अर्ध्या तासात चौथी पायरी नाहीय. शेवटची पाच मिनिटं वही मिटून गप्प बसायला ठेवा. घरात आजारी माणूस असला की प्रार्थना मागण्यांची यादी होत जाते, ती तिथे थांबते.

आमच्या बायबलमध्ये सिराखचं पुस्तक आहे, त्याचा ३८वा अध्याय, १–१५. देवाने जमिनीतून औषधं निर्माण केली, शहाणा माणूस ती झिडकारत नाही. आजारात प्रार्थना कर, आणि वैद्यालाही जागा दे, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केलं. प्रोटेस्टंट छापील प्रतींत हे पुस्तक नसतं, पण नर्सताईंच्या मुद्द्याला ह्याहून चपखल उतारा नाही.

आणखी एक. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार म्हणजे शेवटची घटका, हा समज अजून जात नाही. फादर दारात आले की घरात रडारड. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच हे स्पष्ट केलं की तो फक्त मरणासन्नांसाठी नाही, आणि १९७२ मध्ये पोप सहावे पॉल ह्यांनी नवा विधी दिला. मोठ्या ऑपरेशनआधी घेता येतो, त्याच आजारात प्रकृती खालावली तर पुन्हाही. कपाळ आणि हातांना लावतात. तेल ऑलिव्हचंच हवं असं नाही, दुसरं वनस्पतीचं चालतं, पण ते आशीर्वादित हवं, आणि हा संस्कार फादरच देतात. माणूस शुद्धीवर असताना बोलवा, म्हणजे त्यालाही उत्तरं म्हणता येतात.

पहाटेची_वही

दोन रकान्यांनी मार्क १:२९–३४ आणि १:४०–४५ करून पाहिलं. डावा रकाना भरतो, पण उजव्यात पुन्हा तेच, "प्रभू, बरं कर". आणि याकोब ५ कुठे बसवायचं?

मार्कवाला

उजव्या रकान्यात डावीकडचा एक शब्द उचलूनच वाक्य लिहायचं, अशी अट घाला. १:४० मध्ये कुष्ठरोगी "बरं कर" म्हणत नाही, "तुमची इच्छा असली तर" म्हणतो. तुमच्या घरातल्या आजारात तुम्हाला "शक्ती आहे का" हा प्रश्न छळतो की "इच्छा आहे का" हा? त्यावर चार ओळी लिहा. ४१ मध्ये येशू बोलण्याआधी हात लावतो, आणि कुष्ठरोग्याला तेव्हा कोणी शिवत नव्हतं. तुमच्या आजाऱ्याला औषध देण्याखेरीज शेवटचा हात कोणी लावला, हेही तिथेच लिहा.

याकोब ५:१३–१८ महिन्याच्या शेवटी, वहीपेक्षा कृतीसाठी. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांना) बोलवावं, त्यांनी यावं, तेल लावावं, प्रार्थना करावी. पंधराव्या वचनातली विश्वासाची प्रार्थना ह्या आलेल्यांची आहे, खाटेवर पडलेल्याने फक्त बोलावणं धाडायचंय. आणि त्याच वचनात "त्याने पापे केली असली तर" असं आहे, म्हणजे आजारामागे पाप आहेच असं याकोबही धरून चालत नाही. पाळकसाहेबांना फोन करताना दिवस, वेळ आणि किती जण येणार हे तिन्ही ठरवून घ्या, नाहीतर नर्सताईंचे दोघं जाऊन बारा जण येतात.

वॉर्डातली_नर्स

आणि त्या बाराही जणांना चहा करायला घरातलं एकच माणूस असतं. तेही आधीच सांगून ठेवा: चहा होणार नाही.